डिलीट मारलं, तरी डिस्क भरलेलीच: जागा नेमकी कुठे अडकते?

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. डेटाबेस सर्व्हरची डिस्क ९० टक्के भरल्याचा इशारा येतो. तुम्ही जुन्या लॉगच्या टेबलातून काही कोटी रो (ओळी) डिलीट करता. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) मारून बघता तर आकडा जागचा हललेला नसतो, कधीकधी तर दोन-चार टक्के वरच चढलेला असतो. मग कोणीतरी बॅकअपची एखादी जुनी फाइल उडवतं, इशारा गप्प होतो, आणि दोन महिन्यांनी येरे माझ्या मागल्या.

मी हे पहिल्यांदा भोगलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. पोस्टग्रेस हा डेटाबेस, ५०० जीबीची डिस्क, त्यात ६० जीबीचं एक टेबल. त्यातला निम्मा डेटा कोणालाच नको होता. एका दमात डिलीट मारलं. दीड तास क्वेरी चालली आणि तेवढ्यात डिस्क ९१ वरून ९७ टक्क्यांवर गेली. जागा करायला गेलो आणि होती ती ३० जीबीही घालवून बसलो. क्वेरी आता मारून टाकावी की पूर्ण होऊ द्यावी, हे ठरवताना घाम फुटला होता.

घोळ असा असतो की जागेचा हिशेब दोन वह्यांत असतो. एक वही ऑपरेटिंग सिस्टीमची: डिस्कवरचा कुठला ब्लॉक कुठल्या फाइलचा, एवढंच तिला माहीत. दुसरी वही डेटाबेसची: त्या फाइलच्या आत कुठलं पेज (फाइलचा ठराविक आकाराचा तुकडा) भरलेलं, कुठलं रिकामं. डीएफ फक्त पहिली वही वाचतं. डिलीट फक्त दुसऱ्या वहीत लिहितं. फाइलच्या आत ३० जीबी रिकामे झाले तरी ऑपरेटिंग सिस्टीमच्या लेखी फाइल ६० जीबीचीच. म्हणून काहीही पुसण्याआधी, कुठल्या वहीतला आकडा आपल्याला टोचतोय ते ठरवा.

टेबलाला हात लावण्याआधी

डीएफ आणि डीयू (फाइलचे आकार मोजून बेरीज करणारी कमांड) यांचे आकडे शेजारी ठेवा. डीयू रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) म्हणूनच चालवा, नाहीतर न वाचता येणारे फोल्डर गाळले जातात आणि नसलेली तफावत दिसते. डीएफचा आकडा डीयूपेक्षा बराच मोठा असेल तर कोणीतरी एखादी मोठी फाइल आरएम केली (पुसली) आहे, पण एखादी प्रोसेस ती अजून उघडी धरून बसली आहे. फाइलचं नाव गेलं, ब्लॉक गेले नाहीत. उघड्या फाइलची यादी देणाऱ्या एलएसओएफला ‘प्लस एल एक’ हा पर्याय देऊन चालवलं की अशा फाइल दिसतात. ती प्रोसेस रीस्टार्ट केली की जागा सुटते. विषय संपला.

दोन्ही आकडे जुळत असतील तर डेटा डिरेक्टरीतल्या प्रत्येक फोल्डरचा आकार वेगळा काढा. मी त्या रात्री हे आधी केलं असतं तर दीड तास वाचला असता. टेबलं असतात त्या ‘बेस’ फोल्डरवर माझी नजर होती, आणि शेजारचं ‘पीजी वॉल’ फोल्डर १८० जीबीचं होऊन बसलं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

वॉल म्हणजे बदल मूळ फाइलमध्ये जाण्याआधी जिथे लिहिला जातो ती नोंद. १६ एमबीच्या तुकड्यांत. एरवी जुने तुकडे आपोआप पुन्हा वापरले जातात किंवा काढले जातात. पण आमचा एक रेप्लिका सर्व्हर (मुख्य सर्व्हरची चालती प्रत) तीन आठवड्यांपूर्वी बंद केलेला होता आणि त्याचा रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे त्याने वॉल कुठपर्यंत वाचलं याची मुख्य सर्व्हरवरची खूण, तसाच राहिला होता. स्लॉट असेपर्यंत मुख्य सर्व्हर समजतो की तो बिचारा परत येईल, मग त्याच्यासाठी वॉलचा एकेक तुकडा जपून ठेवतो.

डिलीटने डिस्क वर का चढली तेही इथेच कळतं. प्रत्येक चेकपॉइंटनंतर (साठलेले बदल मूळ फाइलमध्ये उतरवण्याचा टप्पा) एखाद्या पेजला पहिल्यांदा हात लागला की पोस्टग्रेस ते ८ केबीचं अख्खं पेज वॉलमध्ये उतरवून ठेवतं. लिहिताना मध्येच वीज गेली आणि पेज अर्धं जुनं, अर्धं नवं राहिलं तर दुरुस्तीला मूळ प्रत हवी, म्हणून. मी ३० जीबीची पेजं ओळीने चाळत गेलो, तर जवळपास तेवढंच वॉल तयार झालं, आणि स्लॉटने ते सगळं धरून ठेवलं.

उपाय: ‘पीजी रेप्लिकेशन स्लॉट्स’ या व्ह्यूमध्ये निष्क्रिय स्लॉट शोधा, त्याचा धनी खरोखर मेलाय याची खात्री करा, स्लॉट ड्रॉप करा, चेकपॉइंट द्या. माझी जागा मिनिटाभरात परत आली, तीही टेबलातल्या एका रोला हात न लावता. तेराव्या आवृत्तीपासून स्लॉटने किती वॉल धरावं याला कमाल मर्यादा घालता येते. मुळात ही मर्यादा उणे एक असते, म्हणजे अमर्याद. ती बदलून ठेवा. स्लॉट नसतानाही वॉल साठत असेल तर आर्काइव्ह कमांड (वॉलचे तुकडे दुसरीकडे नेऊन ठेवणारी) अपयशी होतेय का बघा. तिथली डिस्क भरली असली तरी फटका इथे बसतो.

आणि कितीही घाई असली तरी त्या फोल्डरमधून हाताने फाइल उडवू नका. दहाव्या आवृत्तीआधी त्याचं नाव ‘पीजी एक्सलॉग’ होतं. नावात ‘लॉग’ दिसलं की लोक साफसफाई समजून ते रिकामं करायचे आणि सर्व्हर पुन्हा उठायचाच नाही. २०१७ मध्ये नाव बदललं ते याच कारणाने.

बरं, टेबलच खरोखर फुगलं असेल तर

पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक टेबल म्हणजे ‘बेस’खालच्या डेटाबेसच्या फोल्डरमध्ये आकड्याच्या नावाची एक फाइल. ती १ जीबीची झाली की पुढचा तुकडा सुरू होतो. समजा फाइलचं नाव १६४०२ असेल, तर ६० जीबीच्या टेबलाचे तुकडे १६४०२, मग १६४०२.१, असे १६४०२.५९ पर्यंत दिसतील. ‘पीजी रिलेशन फाइलपाथ’ या फंक्शनला टेबलाचं नाव दिलं की नेमका पत्ता मिळतो. एका सहकाऱ्याने मला साळसूदपणे विचारलं होतं, ‘हा पॉइंट एक सगळ्यात जुना ना? मग तो दुसऱ्या डिस्कवर हलवू का?’ हलवू नका. साखळीतला मधला डबा काढल्यासारखं होईल.

आता आतलं एक पेज उघडून बघू. आकार ८१९२ बाइट. सुरुवातीचे २४ बाइट हेडरचे. त्यानंतर प्रत्येक रोसाठी ४ बाइटचा एक पॉइंटर, पुढून मागे रांगेत. रो मात्र पेजच्या शेपटाकडून पुढे भरत येतात. मधली मोकळी जागा दोन्ही बाजूंनी खाल्ली जाते. प्रत्येक रोला स्वतःचं २३ बाइटचं हेडर, जे प्रत्यक्षात २४ धरावं लागतं. शंभर बाइटचा मजकूर असेल तर अशा ६१ रो एका पेजमध्ये बसतात.

डिलीट केल्यावर या पेजमधून काहीही जात नाही. रोच्या हेडरमध्ये फक्त ‘अमुक व्यवहाराने (ट्रान्झॅक्शनने) मला काढलं’ एवढा क्रमांक लिहिला जातो. कारण त्या क्षणी दुसरा कोणी जुनी रो वाचत असू शकतो. पुढे व्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसची साफसफाई, येतो, ती रो आता कोणालाच दिसणार नाही याची खात्री करतो, पेजमधली जागा मोकळी करतो आणि शेजारच्या ‘एफएसएम’ शेपटाच्या फाइलमध्ये नोंदवतो की इथे एवढी जागा आहे. पुढच्या इन्सर्ट ती वापरतात.

म्हणजे फाइल ६० जीबीचीच राहते, पण यापुढचे ३० जीबी भरेपर्यंत वाढत नाही. टेबल परत भरणारच असेल तर तसंच राहू द्या, असं माझं मत. फाइलमधली रिकामी जागा वाया गेलेली नसते, ती राखीव असते. निम्म्या वेळा लोक ज्याला समस्या म्हणतात ती हीच, आणि तिला उपायाची गरज नसते. इशाऱ्याचा आकडा दिसतो म्हणून फाइल आकसायची, आणि महिन्याभरात तिने परत तेवढंच फुगायचं, यात सर्व्हरचे हाल होतात, दुसरं काही नाही.

व्हॅक्यूमने फाइल कधीच लहान होत नाही, हे मात्र अर्धसत्य आहे. फाइलच्या शेवटाला सलग पूर्ण रिकामी पेजं असतील तर व्हॅक्यूम तेवढं शेपूट छाटतो, त्यासाठी लागणारं लॉक क्षणभर मिळालं तर. पण आपण डिलीट काय करतो? जुना डेटा. तो असतो फाइलच्या तोंडाला. शेवटाला असतो आजचा. भोक पुढे आणि कात्री मागे, मग छाटणार काय? तारखेप्रमाणे साफसफाई करणाऱ्या प्रत्येक टेबलाचं हेच होतं.

व्हॅक्यूम चालूनही मेलेल्या रो तशाच राहत असतील तर दोन संशयित. पहिला, अर्धवट सोडलेला व्यवहार. कोणीतरी बिगिन म्हणून (व्यवहार सुरू करून) जेवायला गेलं, कमिट (तो पक्का करणं) राहिलं. तो व्यवहार जिवंत असेपर्यंत त्याच्या नंतर मेलेली एकही रो साफ होत नाही, मग ती कुठल्याही टेबलातली असो. ‘पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये सगळ्यात जुना व्यवहार शोधा. दुसरा, ऑटोव्हॅक्यूमचा (आपोआप सुरू होणाऱ्या व्हॅक्यूमचा) उंबरठा. मुळात तो ५० रो अधिक टेबलाच्या २० टक्के असा असतो. माझ्या टेबलात ४८ कोटींच्या आसपास रो होत्या, म्हणजे साडेनऊ कोटी मेल्याशिवाय तो जागाच होत नव्हता. मोठ्या टेबलांना हा टक्का वेगळा, एक-दोनवर आणून ठेवा.

जागा खरोखर ऑपरेटिंग सिस्टीमला परतच हवी असेल तर व्हॅक्यूम फुल. तो जिवंत रो नव्या फाइलमध्ये लिहितो, इंडेक्स (रो पटकन शोधायच्या सूच्या) नव्याने बांधतो आणि जुनी फाइल टाकतो. यात लोक एका गोष्टीला उगाच घाबरतात आणि एका गोष्टीला घाबरायला विसरतात. ६० जीबीच्या टेबलाला ६० जीबी मोकळे लागत नाहीत. जिवंत डेटा आणि त्याचे इंडेक्स जेवढे, तेवढीच जागा लागते. पण तेवढा वेळ टेबल पूर्ण कुलूपबंद असतं, साधं सिलेक्टही अडकतं. दिवसाढवळ्या चालवलं तर फोन यायला लागतात. ‘पीजी रिपॅक’ हे वेगळं टूल हेच काम जवळजवळ लॉक न घेता करतं, पण टेबलाला प्रायमरी की किंवा नल नसणारा युनिक इंडेक्स हवा.

टेबल दुसऱ्या डिस्कवरच्या टेबलस्पेसमध्ये (टेबलं ठेवायला डेटाबेसला नेमून दिलेल्या जागेत) हलवायचा बेत असेल तर हे लक्षात ठेवा: हलवताना पेजं जशीच्या तशी उतरवली जातात. फुगलेलं टेबल फुगलेलंच पोचतं.

कायमचा उपाय टेबल महिन्यावार पार्टिशन करण्याचा. (पार्टिशन या शब्दाने गोंधळ होतो. हे टेबलाचे तुकडे. डिस्कचं पार्टिशन वेगळं, ते खाली येतंय.) महिना जुना झाला की डिलीट नाही, त्या तुकड्याचं ड्रॉप. फाइलच जाते, म्हणून दोन्ही वह्यांत एकदमच नोंद होते. आमचं टेबल तसं केल्यावर जे काम दीड तास चालायचं ते सेकंदात व्हायला लागलं आणि वॉलही नगण्य.

डिस्क १०० टक्क्यांवर टेकलीच असेल तर एक युक्ती. ईएक्सटी४ फाइलसिस्टीम मुळात ५ टक्के ब्लॉक रूटसाठी राखून ठेवते. निव्वळ डेटासाठीच्या डिस्कवर एवढ्याची गरज नसते. ‘ट्यून टू एफएस’ या कमांडने तो टक्का एकवर आणा, ५०० जीबीवर २० जीबी तिथल्या तिथे सुटतात. श्वास घ्यायला पुरे.

दुसऱ्या डेटाबेसात हेच दुखणं

मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनात पेज १६ केबीचं. ५.६ पासून प्रत्येक टेबलाची वेगळी फाइल हे मूळ सेटिंग आहे, त्यामुळे ऑप्टिमाइझ टेबल चालवलं की टेबल नव्या फाइलमध्ये लिहिलं जातं आणि जागा परत मिळते. त्याआधीपासून चालत आलेला सर्व्हर असेल तर मात्र सगळी टेबलं ‘आयबीडेटा१’ या एकाच फाइलमध्ये असण्याची शक्यता मोठी. ती फाइल फक्त वाढते. टेबल ड्रॉप केलं तरी जागा तिच्या पोटातच राहते. सगळं डंप करून नव्याने लोड करणं एवढाच मार्ग, आणि मी तो दोनदा चाललोय, मजा नाही.

ओरॅकलमध्ये टेबलाची ‘हाय वॉटर मार्क’ (आजवर कुठपर्यंत भरलं होतं) ही पातळी डिलीटने खाली येत नाही, ट्रंकेटने येते. म्हणून रिकाम्या टेबलावरचं पूर्ण स्कॅनही पूर्वीइतकंच रेंगाळतं. डेटाफाइल लहान करायला गेलात आणि ओरा-०३२९७ आला तर समजा की फाइलच्या शेवटाला कुठलातरी एक्स्टेंट (सलग ब्लॉकचा गट) अजून ठाण मांडून आहे. पुन्हा तीच शेपटाची गोष्ट. एसक्यूएल सर्व्हरचं श्रिंकफाइल शेवटची पेजं उचलून पुढच्या रिकाम्या जागी नेऊन टाकतं, त्यामुळे फाइल आकसते खरी, पण इंडेक्सचा क्रम विस्कटतो. मग इंडेक्स रीबिल्ड करा, त्यासाठी फाइल परत वाढते. नियमित जॉबमध्ये ते कधीच घालू नका.

रॉ पार्टिशन: जिथे पहिली वहीच नाही

काही जुन्या सर्व्हरवर डेटा फाइलमध्ये नसतोच. डिस्कचं पार्टिशन फाइलसिस्टीम न घालता थेट डेटाबेसच्या ताब्यात दिलेलं असतं. इन्फॉर्मिक्स, सायबेस, ओरॅकल यांच्याकडे ही पद्धत रुळलेली होती. हेतू सरळ होता: ऑपरेटिंग सिस्टीमचा कॅश आणि डेटाबेसचा कॅश अशी दुहेरी साठवण टळते, आणि लिहिलं म्हणजे डिस्कवर गेलं याची खात्री मिळते. पुढे थेट आयओची (ऑपरेटिंग सिस्टीमचा कॅश टाळून वाचण्या-लिहिण्याची) सोय साध्या फाइलनाही मिळाली आणि फायदा फार उरला नाही. ओरॅकलने १२सी पासून रॉ डिव्हाइसचा आधार काढला, तिथे आता एएसएम, म्हणजे ओरॅकलचीच डिस्क सांभाळणारी व्यवस्था. लिनक्सने आपला जुना रॉ ड्रायव्हर २०२१ मध्ये ५.१४ मध्ये काढून टाकला. पोस्टग्रेसने हा रस्ता कधी धरलाच नाही. इनोडीबीत मात्र सोय अजून आहे.

रॉवर वरचं दुखणं उद्भवत नाही, कारण डीएफला ते पार्टिशन दिसतच नाही. किती भरलं ते फक्त डेटाबेस सांगू शकतो, आणि ते विचारायचं कोणी ठरवलेलं नसेल तर ‘टेबल भरलं’ ही एररच पहिला इशारा ठरते. शिवाय तिथली आवर्ती दुखणी वेगळी आहेत.

सर्व्हर रीबूट केला की डेटाबेस उठत नाही, परवानगी नाकारली म्हणतो. कोणीतरी डिव्हाइसची मालकी हाताने बदलतं, सगळं चालू होतं, पुढच्या रीबूटला पुन्हा तेच. कारण डिव्हाइसची नोंद प्रत्येक बूटला यूडेव्ह (लिनक्सचा डिव्हाइस सांभाळणारा भाग) नव्याने तयार करतो आणि ती रूटच्या नावावर असते. मालकीचा नियम यूडेव्हमध्येच लिहा. त्याच वेळी एसडीबी, एसडीसी ही डिस्कची नावं कॉन्फिगमधून काढा. नवी डिस्क लागली की ही अक्षरं सरकतात. फाइलसिस्टीमचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) इथे मिळणार नाही, कारण फाइलसिस्टीमच नाही. जीपीटी (डिस्कवरच्या पार्टिशनची नोंद ठेवणारा तक्ता) पार्टिशनला जो स्वतःचा आयडी देतो तो वापरा.

इनोडीबीमध्ये नवं पार्टिशन जोडताना कॉन्फिगमध्ये ‘न्यूरॉ’ लिहितात. त्याने सर्व्हर पार्टिशन नव्याने आखतो. पहिल्या स्टार्टनंतर लगेच ते बदलून ‘रॉ’ करायचं. विसरलात तर पुढच्या स्टार्टला ते परत कोरं केलं जाईल. सुदैवाने ‘न्यूरॉ’ असेपर्यंत इनोडीबी डेटा बदलू देत नाही. म्हणून ‘डेटाबेस फक्त वाचता येतोय, इन्सर्ट होत नाही’ अशी तक्रार आली तर आधी हा शब्द शोधा.

सगळ्यात वाईट अपघात माणसाच्या हातून होतो. एलएसबीएलके (डिस्क आणि पार्टिशनची यादी देणारी कमांड) मारलं तर रॉ पार्टिशनपुढे फाइलसिस्टीमचा रकाना रिकामा दिसतो, माउंट कुठेही नाही. डिस्क कमी पडतेय म्हणून जागा शोधणाऱ्या नव्या माणसाला ती फुकट मिळालेली डिस्क वाटते. आमच्याकडे एकाने एमकेएफएसची (नवी फाइलसिस्टीम घालून जुना डेटा उडवणारी) कमांड टाइप केली होती आणि एंटर दाबण्याआधी सहज विचारलं, ‘ही दोनशे जीबीची मोकळी आहे ना?’ त्या मोकळ्या डिस्कवर आठ वर्षांचे हिशेब होते.

जीपीटीत पार्टिशनला ३६ अक्षरांपर्यंत नाव देता येतं. त्याच दिवशी आम्ही प्रत्येक रॉ पार्टिशनला नाव दिलं, आणि एलएसबीएलकेच्या नेहमीच्या कमांडमध्ये पार्टिशनच्या नावाचा रकाना जोडून टाकला. आता तिथे ‘डेटाबेस, हात लावू नका’ असं दिसतं.